चिठ्ठीवरचं तेल आणि माझे धडधाकट डोळे

पाकीट

ऑस्ट्रेलियात पन्नाशी गाठलीत की सरकार तुम्हाला पोस्टाने एक भेट पाठवतं. पाकिटात दोन इवल्याशा नळ्या, एक फॉर्म आणि चित्रांसकट सूचना. शौचाचा नमुना घरच्या घरी घ्यायचा, नळीत भरायचा आणि पोस्टाने परत पाठवायचा. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. मी सूचना वाचल्या, चित्रं बघितली आणि पाकीट टॅक्सच्या कागदांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. तिथे ते आठ महिने सुखाने राहिलं.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र मी फारच समजूतदार माणूस आहे, चुका शोधायला जात नाही.

मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते पाकीट पाडव्याच्या आवराआवरीत सापडलं.

"शिरीष, हे काय आहे?"

"सरकारी काम आहे. करतो."

"आज कर."

केलं. पण सूचनांमध्ये एक ओळ होती, जी मी आठ महिन्यांपूर्वी वाचली नव्हती. पोस्टात टाकेपर्यंत नमुना फ्रिजमध्ये ठेवावा.

"माझ्या फ्रिजमध्ये?" मेधा म्हणाली. "श्रीखंडाशेजारी?"

मी ते तीन पिशव्यांत गुंडाळलं, त्यावर डबा, डब्यावर झाकण, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात मागे सारून ठेवलं. दोन दिवसांनी पाकीट पोस्टात गेलं. तोपर्यंत आमच्या घरात कोणी श्रीखंडाला हात लावला नाही, आणि त्यानंतर ते आंबट झालं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ड्रॉवरमध्ये तसलं पाकीट पडलं असेल, तर कृपा करून इथेच थांबा आणि आधी ते उघडा. माझी गोष्ट कुठे पळून जात नाही.

चकली

रिपोर्ट आला, मग नळी घालून तपासणी झाली, मग एका मंगळवारी हॉस्पिटलमध्ये बोलावलं. डॉक्टर तरुण होती, आमच्या मुलीची, सानिकाची, मोठी बहीण शोभेल अशी. तिने कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि एका वळणावर पेनाने ठिपका दिला. इथे आहे, म्हणाली.

मला ते चित्र हुबेहूब चकलीसारखं दिसलं आणि मी तसं बोललोसुद्धा. चकली म्हणजे काय, हेही तिला इंग्रजीत समजावून सांगितलं. कशी पाडतात, कशी तळतात. ती ऐकून घेत होती. टेबलाखाली मेधाने माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतत होती. मला वाटलं ती मला गप्प करते आहे. नंतर कळलं, ती स्वतःच पडू नये म्हणून धरून बसली होती.

आमच्या उपनगरात, ट्रुगानिनाला, घरी परतताना गाडी मेधाने चालवली. शेवटच्या सिग्नलला ती म्हणाली, "बटाटे संपलेत." आम्ही इंडियन दुकानात गेलो आणि दहा किलोंची गोणी घेऊन आलो. का, ते विचारू नका. पुढचे तीन आठवडे, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत, आम्ही बटाटेच खात होतो.

सानिकाला सांगायचं काम माझ्याकडे होतं. ती तेव्हा सतरा वर्षांची, बारावीला. मी सुरुवात केली ती त्या पोस्टाच्या पाकिटापासून, श्रीखंडापर्यंत आलो, मग चकलीपर्यंत.

"बाबा," ती म्हणाली, "यू आर डुइंग द फनी व्हर्जन. कॅन आय हॅव द अदर वन?"

दुसरी आवृत्ती माझ्याकडे नव्हती. अजूनही बहुतेक नाही.

गॅरेजमधली फोडणी

ऑपरेशन नीट झालं. मग किमो, एकाआड एक शुक्रवार. सकाळी आठला रिक्लायनर खुर्ची, उबदार ब्लँकेट, नर्सचं "हाऊ वी गोइंग, मेट?", तीन-चार तास थेंब थेंब, आणि मग कमरेला पाण्याच्या बाटलीएवढा पंप लटकवून घरी. पंप दोन दिवस अंगावर. खुर्च्यांमध्ये आम्ही सगळे एकाच दिशेला तोंड करून बसायचो, विमानातल्यासारखे. शेजारचा म्हातारा ग्रीक माणूस दर वेळी मला एक पेपरमिंट द्यायचा. आम्ही एकमेकांची नावं कधीच विचारली नाहीत. एका शुक्रवारी त्याच्या खुर्चीत दुसरं कोणी होतं. मी नर्सला विचारलं नाही. पेपरमिंट अजून जॅकेटच्या खिशात आहे.

त्या औषधाची एक गंमत अशी की थंड वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतात. फ्रिज उघडायला मी मेधाचे ओव्हनचे जाड हातमोजे घालायचो. कोंबडा छापलेले. दूध काढताना मी स्वयंपाकघरात अंतराळवीरासारखा दिसायचो.

पण खरं संकट होतं मळमळीचं. मळमळीच्या नेहमीच्या गोळ्या असतात, त्या सगळ्या देऊन झाल्या, बदलून झाल्या. मला पाणी टिकत नव्हतं. आणि फोडणीचा वास आला की संपलंच. मोहरी तडतडली की मी बाथरूमकडे. मेधाने तिसऱ्या फेरीनंतर इंडक्शन उचललं आणि गॅरेजमध्ये नेलं. घर आणि गॅरेज यांच्यामधल्या दाराखाली टॉवेल लावला.

मेधा आणि सानिका तिथेच जेवायच्या. गाडी बाहेर, आणि आत दोन कँपिंगच्या खुर्च्या. मी हॉलमध्ये सोफ्यावर. भिंतीपलीकडून ताटांचे आवाज यायचे, कधी सानिकाचं हसणं यायचं. काय विनोद झाला ते मला कळायचं नाही. घरात विनोद करणारा मी होतो, आणि माझ्यावाचून बरं चाललं होतं. ही तक्रार नाही. त्या हसत होत्या याचा मला आनंदच होता. फक्त तो आनंद भिंतीच्या या बाजूला एकट्याने करावा लागत होता.

पहिल्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांचे डबे आले. मला खाता येत नाही म्हटल्यावर हळूहळू थांबले. ते बरोबरच होतं. डबा घेऊन येणं लोकांना जमतं. डबा नसताना येऊन काय बोलायचं, हे कुणाला माहीत नसतं. मलाही नसतं.

तेल

चौथ्या फेरीला माझं वजन बघून डॉक्टर म्हणाली, आपण मेडिसिनल कॅनाबिस करून बघू या का? तेल असतं, जिभेखाली. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही.

घरी आल्यावर मेधा म्हणाली, "म्हणजे गांजाच ना?"

"तेल आहे."

"गांजाचं तेल."

"हो."

ती देवघराकडे बघून म्हणाली, "देवघराशेजारच्या कपाटात नको. फ्रिजमध्ये ठेव."

म्हणून ती बाटली गेली त्याच खालच्या कप्प्यात, मागे, झाकणाच्या डब्यात. तो कप्पा आमच्या घरातला लाजेचा कप्पा झाला होता.

मी सातारचा. आमच्या आळीत एक माणूस होता, पारावर बसून ओढायचा. आम्ही शाळेत जाताना त्याच्या बाजूचा रस्ता सोडून दुसऱ्या बाजूने जायचो, आणि परीक्षेत कमी मार्क पडले की घरचे त्याच्याकडे बोट दाखवायचे. बावन्नाव्या वर्षी ड्रॉपर धरून जीभ वर करताना मला तो समोर दिसला. म्हणाला काही नाही, पण दिसला.

चमत्कार वगैरे झाला नाही. पहिल्या आठवड्यात डोकं जड झालं, आणि एकदा मी वॉशिंग मशीनसमोर बसून कपड्यांची अख्खी फेरी बघितली आणि ती मला आवडली. मग मात्रा कमी केली. दहाव्या दिवशी मी वरणभाताचे सहा घास खाल्ले आणि ते आत राहिले. मेधा शेजारी बसून मोजत होती. सहावा घास गेल्यावर तिने तोंड फिरवलं आणि नळ सोडला. भांडी नव्हती.

एवढंच. कुणाला ते लागू पडेल, कुणाला नाही, ते डॉक्टरने बघावं. माझ्यासारख्या टेस्टरचं ऐकून काही करू नका. किमो संपल्यावर तळपायांची आग राहिली, त्यासाठी झोपण्याआधी थोडं तेल चालू राहिलं. अजून आहे.

एकशे वीस तास

बाटली देताना डॉक्टरने एक गोष्ट दोनदा सांगितली. गाडी चालवायची नाही. औषधाची गुंगी हा एक भाग. दुसरा भाग कायद्याचा. पोलीस रस्त्यावर थांबवून जीभ पुसून तपासणी करतात. त्यात या तेलाचा अंश सापडला की आमच्या राज्यात तो गुन्हा, मग तुम्ही आदल्या दिवशी घेतलेलं असो, डोकं स्वच्छ असो, की खिशात डॉक्टरची चिठ्ठी असो. अलीकडे काहीसं सैल केलंय म्हणतात, म्हणजे लायसन काढून घ्यायचं की नाही ते न्यायाधीश ठरवतो. पण त्याच्यासमोर उभं राहावं लागतंच.

ट्रुगानिनात गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. पण माझं दुःख दुकानाचं नव्हतं.

इथे एकवीस वर्षांखालच्या मुलांना लायसनआधी एकशे वीस तास गाडी चालवून वहीत नोंद करावी लागते, शेजारी लायसनवाला मोठा माणूस बसवून. सानिकाचे बेचाळीस तास माझ्याबरोबर झाले होते. नव्या वसाहतींचे मोकळे रस्ते, अर्धवट घरं, आणि माझा हात खिडकीवरच्या दांडीला घट्ट. "बाबा, लेट गो ऑफ द हँडल, इट्स इन्सल्टिंग." घरात एका शब्दात उत्तर देणारी ही मुलगी स्टीअरिंग हातात आलं की बोलायची. मैत्रिणी, एक मुलगा ज्याचं नाव मला दोनदा सांगितलं गेलं आणि मी दोनदा विसरलो, मेडिकलला जायचं नाही हे आईला कसं सांगायचं. दोघांची नजर रस्त्यावर असली की बोलणं सोपं जातं.

आणि नियम असा की शेजारी बसून शिकवणाऱ्याचीही तीच तपासणी होऊ शकते.

"इट्स लीगल, राइट? युअर ऑइल?" तिने विचारलं.

"हो."

"बट यू कान्ट सिट नेक्स्ट टू मी."

"नाही."

"दॅट मेक्स नो सेन्स."

"हो," मी म्हटलं. आमच्यात इतकं एकमत क्वचितच होतं.

पुढचे तास मेधाने केले. ब्रेक तिच्या पायाखाली नसतानाही ती दाबायची. दोघी परत आल्या की दोन वेगवेगळ्या दारांनी घरात शिरायच्या. त्रेचाळिसाव्या तासापासून सानिका काय बोलली असती, ते मला कधीच कळलं नाही.

डोळे

प्रमोद हा माझा इथला सगळ्यात जुना मित्र. पंधरा वर्षांपूर्वी कोल्हापूरहून अकाउंटिंग शिकायला आला आणि बस चालवायला लागला, आणि त्याला ते अकाउंटिंगपेक्षा हजारपट आवडतं. तो आमच्या चिमुकल्या मंडळाचा अध्यक्ष, मी सेक्रेटरी. तो मला 'सेक्रेटरी'च म्हणतो, मी त्याला पम्या.

मी आजारी असतानाच आमच्या राज्यात या कायद्याची चर्चा तापली होती. चिठ्ठीवर कॅनाबिस घेणाऱ्यांना, डोकं ठिकाणावर असेल तर, गाडी चालवू द्यावी का? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली. खाली पम्याचा मेसेज: "सेक्रेटरी, मग गणपतीत प्रसादाऐवजी चिलीमच ठेवू या का?" तीस जणांनी हसणारे चेहरे टाकले. एकतिसावा मी.

बाटली तेव्हा माझ्यापासून चार पावलांवर होती.

किमो संपल्यानंतर एकदा मंडळाच्या कार्यक्रमासाठी हॉलमध्ये खुर्च्या-टेबलं लावताना पम्याने विचारलं, "आता बरा झालास ना? मग अजून मेधा वहिनी का सोडतेय तुला? गाडी का नाही घेत?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डोळे."

"डोळे?"

"किमोने. अंधूक झालेत. डॉक्टर म्हणाले गाडी नको."

संध्याकाळपर्यंत ग्रुपला कळलं होतं. त्या आठवड्यात आमच्या घरी त्रिफळा चूर्ण आलं, गायीच्या तुपाचे दोन डबे आले, त्राटकाचे व्हिडिओ आले, आणि एका आजोबांनी फोनवर माझ्याशी अतिशय मोठ्याने आणि सावकाश संभाषण केलं. थांबलेले डबे परत सुरू झाले. मंडळाच्या बैठकीत माझ्यासाठी नोटीस वाचून दाखवायला लागले. मी जवळचा चष्मा टॅक्सच्या ड्रॉवरमध्ये लपवला. दिसत नाही असं दाखवण्यापेक्षा खरंच न दिसणं सोपं.

"हे फार झालं हं," मेधा म्हणाली. "सांगून टाक."

"सांगतो."

सांगितलं नाही, आणि त्याला कारण पम्याची बस.

पम्याचा रूट आमच्या कोपऱ्यावरून जातो. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. मी एकदा लायब्ररीत जायला चढलो, तर तो सीटवरून उठून खाली आला, माझा दंड धरला आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "पायरी आहे, सांभाळ." मला पहिल्या सीटवर बसवलं. शेवटच्या स्टॉपवर बस सात मिनिटं थांबते. त्या सात मिनिटांत आम्ही त्याच्या थर्मासमधला चहा प्यायलो आणि मंडळातल्या सगळ्यांची यथेच्छ निंदा केली.

मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. लायब्ररीत काम नव्हतं. मग रोज. पूर्ण फेरी, जाऊन येऊन. मेधा ऑफिसला, सानिका शाळेत, माझं काम अजून अर्धवेळ आणि घरून. दिवसभरात माणसाशी बोलायची माझी वेळ म्हणजे ती सात मिनिटं. आणि त्यांचं तिकीट म्हणजे माझे अधू डोळे. रोज तो हात धरायचा, रोज म्हणायचा, "पायरी आहे, सांभाळ." रोज मला पायरी लख्ख दिसायची.

पत्र

आमच्या भागाच्या एमपीच्या ऑफिसातून मंडळांना ईमेल आली. या कायद्याबद्दल तुमच्या समाजाचं काय मत आहे ते लेखी कळवा.

रविवारी जेवणानंतर पम्या लॅपटॉप घेऊन दारात. "तुला दिसत नाही म्हणून मीच आलो. तू बोल, मी टाइप करतो. सावकाश बोल, माझी दोनच बोटं चालतात."

"आपण विरोध करायचाय?"

"मग काय पाठिंबा?" तो डायनिंग टेबलापाशी बसला. आणि मग, विनोद बाजूला ठेवून, म्हणाला, "हे बघ. मी मागे चाळीस माणसं बसवून चालवतो. माझी ते कधीही तपासणी करतात, आणि करायलाच पाहिजे. समोरून येणाऱ्या गाडीत कोण काय घेऊन बसलाय, हे मला कसं कळणार? दारूचं फुंकून कळतं किती घेतलीय. याचं किती चढलंय ते सांगणारं मशीन आहे का? नाही ना? मग?"

त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. अजूनही मला तो चुकीचा वाटत नाही. त्या बसमध्ये पहिल्या सीटवर मीच बसतो.

मी बोलायला लागलो. आणि इथे माझी एक लाज सांगतो: मी उत्तम बोललो. पहिला परिच्छेद नम्र, दुसरा मुद्देसूद. रस्त्याची सुरक्षितता, लहान मुलं, समाजाची मूल्यं. इतकं चोख इंग्रजी की वाचणाऱ्याला वाटावं मंडळात बॅरिस्टर बसलेत. पम्या दोन बोटांनी ठोकत होता आणि "वा, सेक्रेटरी," म्हणत होता. स्वतःविरुद्ध इतकं सुंदर लिहिता येतं, हे मला माहीत नव्हतं. जराशी ऐटही वाटली.

"आता हे टाक," तो म्हणाला. "आमच्या समाजात हे औषध घेणारं कोणीही नाही, आणि आम्हाला त्याची गरज नाही. साहेबी भाषेत कर जरा."

स्वयंपाकघरात मेधा भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

ते वाक्य इंग्रजीत करणं अवघड नव्हतं. मी तोंड उघडलं. मला सहा घास आठवले. बेचाळीस तास आठवले. आणि का कोण जाणे, त्या ग्रीक म्हाताऱ्याची पेपरमिंट आठवली. तो काय घेत होता, कुणापासून लपवत होता, मी कधी विचारलं होतं?

"लिही," मी म्हटलं. मग इंग्रजीत, सावकाश, त्याच्या दोन बोटांच्या वेगाने सांगितलं, "आमच्या समाजात हे औषध घेणारा निदान एक माणूस आहे. तो या मंडळाचा सेक्रेटरी आहे."

टक, टक, टक. तो शेवटपर्यंत टाइप करत गेला. मग स्क्रीनकडे बघत म्हणाला, "सेक्रेटरी तर तू आहेस."

"हो."

"उदाहरण म्हणून टाकतोयस?"

"नाही रे, पम्या."

मी उठलो. ड्रॉवरमधून चष्मा काढून लावला. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून डबा काढला, डब्यातून बाटली. त्या बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी असतात. मी ती सगळी वाचून दाखवली. माझं नाव, मात्रा, रात्री एकदा, आणि शेवटी, हे औषध घेत असताना वाहन चालवू नये.

तो ऐकत होता. मग त्याने विचारलं ते तेलाबद्दल नव्हतंच.

"म्हणजे पायरी दिसत होती तुला?"

"रोज."

"मी सीटवरून उठून खाली यायचो रे. लोकं मागून घड्याळ बघायचे."

"माहितीये."

"माझी बायको तुझ्यासाठी सोमवार करतेय."

यावर माझ्याकडे विनोदसुद्धा नव्हता. त्याने लॅपटॉप मिटला, चार्जर गुंडाळला, व्यवस्थित, वायरला पीळ पडू न देता, आणि मेधाला "येतो वहिनी" म्हणून गेला. मला म्हणाला नाही.

मेधा बाहेर आली. तिने बाटली उचलली आणि परत फ्रिजमध्ये ठेवली. या वेळी दाराच्या फळीवर, लोणच्याशेजारी, डब्याशिवाय.

दोन वाजून दहा मिनिटं

त्या संध्याकाळी मी माझ्या नावाने पत्र लिहिलं. लांबलचक नाही. बसचालकाचा मुद्दा खरा आहे, तोही त्यात लिहिला. गुंगीत कुणी चालवू नये, शिकवूही नये. पण आदल्या दिवशी डॉक्टरच्या चिठ्ठीने घेतलेलं औषध आणि गुंगी यांतला फरक ओळखायची काहीतरी रीत काढा, कारण मधल्या काळात माणसं खोटं बोलायला लागतात. एकाचं तर मला पक्कं ठाऊक आहे, असं लिहिलं. सही केली. मग तेच ग्रुपवरही टाकलं. चार हसरे चेहरे आले, ते लगेच पुसलेही गेले. आजोबांचा फोन आला. त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं की हे तेल गुडघ्यांना चालेल का. तीन जणांनी अजून काही म्हटलेलं नाही, आणि एका घरून येणारा डबा बंद झाला तो कायमचा.

पम्याने मेसेज बघितला होता. दोन निळ्या खुणा, बाकी काही नाही.

सोमवारी मी दोन दहाला खिडकीपाशी उभा राहिलो. बस कोपऱ्यावर आली, क्षणभर थांबल्यासारखी वाटली आणि गेली. मंगळवारीही. बुधवारी मी पडदा लावला. आजारपणातले सगळे दिवस मी काढले, पण ती सात मिनिटं नसलेले तीन दिवस मला फार लांब गेले.

गुरुवारी जॅकेट घातलं आणि गेलो. स्टॉपवर एक आजी आणि मी. बस आली, दार उघडलं. पम्या सीटवरच होता, हात स्टीअरिंगवर, नजर समोर. आजी चढल्या. मी एकट्याने पायरी चढलो. पहिली सीट रिकामी होती, पण ती ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी असते, तसं तिथे लिहिलंय, आणि आता मला ते वाचता येत होतं. मी मागे जाऊन बसलो.

शेवटच्या स्टॉपवर आजी उतरल्या. इंजिन बंद झालं. मी वाट बघत बसलो. दोन मिनिटं गेली असतील.

"सेक्रेटरी," पुढून आवाज आला. "इकडे ये. ओरडायला लावू नको."

मी गेलो. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "मंडळातर्फे काही जाणार नाही. हे माझं. माझ्या नावाने. विरोधातच आहे, आधीच सांगतो."

"बरं."

"इंग्रजी तपास. बायको म्हणते दहा चुका असतील. आता दिसतंय ना तुला?"

मी चष्मा लावला. पत्र माझंच होतं, म्हणजे रविवारी मी बोललेलं, पण त्यात त्याने त्याची वाक्यं घातली होती. चाळीस माणसं, समोरची गाडी, मशीन. माझ्या बॅरिस्टरी वाक्यांपेक्षा ती कितीतरी बरी होती. स्पेलिंगच्या सात चुका निघाल्या. त्याच्या पेनाने मी त्या दुरुस्त केल्या, माझ्याविरुद्धच्या पत्रात, एकही न सोडता.

दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ छापलेली होती आणि मग पेनाने खोडलेली होती. एकदा नाही, तीन-चार वेळा, कागद जवळजवळ फाटेल इतकी. तरी खालची अक्षरं वाचता येत होती. आमच्या समाजात हे औषध घेणारं कोणीही नाही.

मी कागद घडी करून परत दिला. त्याने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला, नजर अजून बाहेरच. मंडळातल्या कुणाचीही निंदा झाली नाही. सात मिनिटं संपली.

परत आमच्या कोपऱ्यावर बस थांबली. दार उघडलं. मी उतरायला वळलो.

"पायरी आहे," तो सवयीने म्हणाला.

"दिसतेय," मी म्हणालो, आणि तरीही दांडी धरून, सावकाश उतरलो.